भुरीचा उजवा एक्सल

१

दहा दिवस दरीत उलटी पडलेली गाडी क्रेनने वर काढली आणि डेपोच्या अंगणात आणून ठेवली, तेव्हा तिच्याजवळ कोणी थांबलं नाही. वर ताडपत्री टाकली, चार दगड ठेवले आणि जो तो आपल्या कामाला निघून गेला. गाडीचं नाव भुरी. रंगावरून पडलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. साठीला टेकलेला माणूस, गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे मोडक्या गाडीपाशी उकिडवं बसणं त्याला जमत नसे. तीस वर्षं त्याने मोडलेलं लोखंड बघितलं होतं. लोखंडाचा त्याला अजून कंटाळा नव्हता. लोखंडाभोवती उभं राहून सांगणाऱ्या माणसांचा मात्र आला होता.

डेपोच्या मुकादमने त्याच्या हातात कागदाची नक्कल दिली. अपघाताच्याच दिवशी दुपारी एक वाजता वरच्या ऑफिसला पाठवलेला कागद. सर्व्हेअरने चष्मा कपाळावर सारून तो वाचला.

“मंगळवारी सकाळी डोंगरावरच्या टॉवरवर शिधा घेऊन जात असता तिसऱ्या वळणावर उजव्या बाजूचा पुढचा एक्सल तुटल्याने ताबा जाऊन गाडी दरीत कोसळली. चालक जागीच मृत. पुढचे दोन्ही एक्सल तीन आठवड्यांपूर्वी बाहेरच्या गॅरेजमधून बदलून जाड घालून घेतले होते.”

“सरळ आहे,” मुकादम म्हणाला. “मालात खोट.”

सर्व्हेअरच्या साहेबांनीही फोनवर तेच सांगितलं होतं. मालात खोट लिही आणि संध्याकाळच्या बसने परत ये. त्याने कागद घडी करून खिशात टाकला. असे कागद त्याने हजार वाचले होते.

फाटकाबाहेर एक धिप्पाड माणूस उभा होता. त्याला आत यायची बंदी होती. तो गॅरेजवाला उस्ताद. नवे एक्सल त्याने बसवले होते.

“साहेब, काय लिहायचं ते लिहा,” तो गजांतून म्हणाला. “गॅरेजला कुलूप लागलं तरी चालेल. फक्त लिहिण्याआधी मला एकदा सांगा. मी दाजींना मारलं का?”

मेलेला ड्रायव्हर, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो उस्तादच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. त्या मंगळवारपासून बहीण भावाशी एक शब्द बोलली नव्हती. त्याने पाठवलेला डबासुद्धा तिने न उघडता परत केला होता.

“मला माहीत नाही,” सर्व्हेअर म्हणाला. “आत या. एक्सल तुम्हीच उघडा.”

“आरोपीच्याच हातात पाना देताय?” मुकादम म्हणाला.

“त्याने बसवलाय, नीट खोलेलही तोच. मी नजर ठेवून बसतो. बसायला स्टूल आणलंय.”

२

पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक आडवी लोखंडी नळी असते. तिच्या पोटात इंजिनाचा जोर दोन बाजूंना वाटणारे दाते, आणि तिथून प्रत्येक चाकापर्यंत जाणारी एकेक पोलादी कांब. ती कांब म्हणजे एक्सल. नळी बंद असते. आत काय मोडलंय ते बाहेरून कोणाला दिसत नाही.

उस्तादने आधी तेलाचं बूच काढलं. काळं तेल येईल म्हणून खाली डबा धरला होता. डब्यात पडलं ते दाट, पांढरट, दुधाच्या चहासारखं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“पाणी शिरलंय,” उस्ताद म्हणाला.

“टॉवरच्या वाटेवर पाणी कुठे लागतं?”

“थेंब नाही साहेब. वर चार माणसं राहतात, त्यांना प्यायलासुद्धा इथून कॅन जातात. आणि दरी कोरडी ठाक आहे.”

“तुम्ही तेल नवं भरलं होतं?”

“मधासारखं. आणि पाणी अडवणारं सील नवं.”

डावी कांब अख्खी निघाली. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ होती. सर्व्हेअरने भुवई उचलली.

“ही माझी सवय,” उस्ताद ओशाळून म्हणाला. “बसवताना रेघ ओढतो. पुढे कधी खोलली आणि रेघ तिरकी झाली असली तर समजायचं, कांबीला पीळ बसलाय, आता बदला. दाजी म्हणायचे, एक्सलला कसलं नटवतोस.”

उजवी बाजू खोलायला जास्त वेळ लागला. कांब दोन तुकड्यांत आली. तेलाच्या सीलच्या चिंध्या झाल्या होत्या. उस्तादने तुकडे फडक्याने पुसले, जमिनीवर टोकाला टोक लावून ठेवले आणि तिथेच मातीत बसला.

पिवळी रेघ कांबीभोवती पूर्ण एक वेढा घालून गेली होती.

“माल बघा,” सर्व्हेअर स्टुलावरून वाकून म्हणाला. “खोटा माल खडूसारखा तुटतो. हा पिळलेल्या धुण्यासारखा झालाय. शेवटपर्यंत झुंजला, मग तुटला. यात खोट नाही.”

“म्हणजे मी नाही?”

“थांबा. इतका पीळ कधी बसतो, ते मला सांगा.”

उस्तादने मान खाली घातली. विचार करताना त्याचे ओठ हलत. “चाक दगडांत गच्च अडकलं, आणि तरीही माणूस पाय दाबत राहिला तर.”

“तिसऱ्या वळणावर दगड आहेत?”

“सुटी खडी आहे. चाक घसरेल, अडकणार नाही.”

सर्व्हेअरने गुडघा चोळला. संध्याकाळची बस आता मिळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

“मग हा एक्सल तिसऱ्या वळणावर तुटलाच नाही,” तो म्हणाला. “ही गाडी वर निघाली तेव्हाच लंगडी होती.”

३

आता त्याने स्टूल चाकापाशी ओढलं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक फिरकी असते. ती एका बाजूला फिरवली की चाक एक्सलशी जोडलं जातं, दुसऱ्या बाजूला फिरवली की सुटं होतं आणि नुसतं गडगडत राहतं. चढाला जायचं तर दोन्ही फिरक्या जोडलेल्या हव्यात.

डावी जोडलेली होती. उजवी सुटी होती.

“आपटताना फिरली असेल,” उस्ताद म्हणाला.

सर्व्हेअरने पिशवीतून सुई काढली आणि उजव्या फिरकीच्या खाचेत घातली. खाच गाळाने भरून वाळली होती. बारीक, पांढरा, चुन्यासारखा गाळ, कुठेही तडा न गेलेला. फिरकी जरा हलली असती तरी तो भुगा होऊन पडला असता.

“डोंगराची माती लाल. हा पांढरा गाळ कुठला?”

“नदीचा. गावाच्या दुसऱ्या अंगाला आहे.” उस्ताद वाकून फिरकीकडे बघू लागला. “साहेब, कोणीतरी भुरीला नदीत घातलं. उजवा एक्सल तोडला. मग तुटलेली कांब खडखडू नये म्हणून उजवी फिरकी सुटी केली आणि डाव्या चाकाच्या जोरावर बाहेर काढली. जाणत्या माणसाचं काम आहे. पण दाजी उजवी सुटी ठेवून चढाला जाणार नाहीत. कधीच नाहीत.”

“त्यांनी बघितलंच नसेल तर?”

सर्व्हेअरने चेपलेल्या टपाखाली हात घालून गिअरच्या दांड्यापाशी चाचपलं आणि तारेला अडकवलेला एक लाल पत्र्याचा गोल बिल्ला बाहेर काढला.

उस्तादला तो माहीत होता. डेपोत सगळ्यांनाच होता. पहाटेच्या थंडीने फिरक्या आखडून बसत, बोटं सोलली तरी हलत नसत. म्हणून या डेपोत रिवाज असा, की जो संध्याकाळी गाडी आत ठेवेल त्याने फिरक्या गरम असतानाच दोन्ही जोडायच्या आणि दांड्याला लाल बिल्ला लावायचा. सकाळी निघणाऱ्याने बिल्ला बघायचा आणि निघायचं. वीस वर्षांत कोणी खाली उतरून खात्री केल्याचं उस्तादच्या ऐकिवात नव्हतं.

“म्हणजे ज्याने बिल्ला लावला, त्याने मारलं,” उस्ताद म्हणाला.

“ज्याने लावला, त्याला शोधू,” सर्व्हेअर म्हणाला.

नोंदवहीत सोमवारच्या पानावर भुरीपुढे “उभी” असं लिहिलेलं होतं. शेडच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. लंबू, मुकादम आणि दुसरा ड्रायव्हर. हा दुसरा इतकं कमी बोलत असे की त्याचं नाव गप्पू पडलं होतं.

गप्पू शेडच्या पायरीवर बसून बूट घालत होता. बुटांच्या शिवणीत पांढरा गाळ वाळलेला होता.

“सोमवारी कुठे होतात?” सर्व्हेअरने विचारलं.

“सुट्टी.”

“सुट्टीत कुठे?”

“सासरी.”

“सासर कुठे?”

“नदीपलीकडे.”

“हा एका वेळी एकच शब्द देतो साहेब,” मागून आलेला मुकादम म्हणाला. “दुसरा हवा असेल तर अर्ज करावा लागतो. आणि भुरी लंबूला मिळाली म्हणून महिनाभर रुसला होता, तेही लिहून घ्या.”

“बुटांना गाळ कशाचा?”

“काठाची वाट,” गप्पू म्हणाला. “पायपूल आहे. चालत जातो. दर सुट्टीला.”

“गाडी ठेवताना बिल्ला लावता?”

गप्पूने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. “नाही. आणि दुसऱ्याचा मानतही नाही. मी उतरून हाताने बघतो. लंबू हसायचा मला.” एवढं बोलून तो दमल्यासारखा थांबला. मग म्हणाला, “मंगळवारी शेड झाडायला गेलो, तर भुरीच्या जागेवर ओल होती. पांढरा चिखल.”

“हे कोणाला सांगितलं नाहीत?”

“कोणी विचारलं नाही.”

किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात करत मुकादम ऑफिसकडे गेला.

सर्व्हेअर तिथेच बसून राहिला. गाळ गप्पूच्या बुटांना होता, किल्ली गप्पूकडे होती, राग गप्पूच्या मनात होता. सगळं इतकं नीट बसत होतं की त्याला ते आवडलं नाही.

४

लंबूचं घर रस्त्याच्या टोकाला होतं. दार अर्धं उघडून अडलं.

“जरा उचलून ढकला,” आतून बाईंचा आवाज आला. “खालून घासतं. दरवर्षी फुगतं. बारक्या रंधा मारून द्यायचा. आता राहू दे तसंच.”

बारक्या म्हणजे तो धिप्पाड उस्ताद, हे समजायला सर्व्हेअरला एक क्षण लागला.

बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “त्याच्या बाजूने बोलायला आलात?”

“मी कोणाच्या बाजूने नसतो. मी लोखंडाच्या बाजूने.”

“तिथेच बसला होता, तुम्ही बसलाय तिथे. यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ताई, असा एक्सल घातलाय की आता भुरी विहिरीतूनही निघेल. अख्ख्या डेपोला सांगत सुटला होता. मीही हसले.” त्यांनी पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली. “विहिरीतून निघणारी गाडी, घरी काही आली नाही.”

“त्या दिवशी ते कधी निघाले?”

“साडेपाचला. रोज सहाला निघायचे. माझी दाढ काढायची होती, म्हणून मीच म्हटलं, लवकर जा आणि लवकर या.” हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. रात्रंदिवस मनात घोळवून शब्द गुळगुळीत झाले की आवाज तसा होतो. “दाढ अजून तशीच आहे.”

सर्व्हेअर उठला. “पोलीस येऊन गेले?”

“त्याच दुपारी. मी विचारलं, झालं काय गाडीला? म्हणाले, बाई, ती दरीत उलटी पडलीय. वर काढून उघडेपर्यंत काय मोडलंय ते कोणाच्या बापाला कळणार नाही.”

सर्व्हेअरचा हात दाराच्या कडीवर होता. तो तसाच राहिला. मग त्याने खिशातून मुकादमचा कागद काढला, चष्मा लावला आणि उंबऱ्यात उभं राहून पुन्हा एकदा वाचला. सकाळी याच ओळीवरून त्याची नजर घसरून गेली होती. तीस वर्षांच्या सवयीने.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“म्हातारा झालो,” तो म्हणाला. “दुसरं काही नाही.”

५

मुकादम टेबलावर दोन्ही हात ठेवून बसला होता. समोर वही उघडी होती, पण पेन टोपणात होतं. सर्व्हेअरने कागद त्याच्यापुढे ठेवला.

“अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“हा मंगळवारी दुपारी एकला गेला. त्या वेळी भुरी दरीत उलटी होती. एक्सल नळीच्या पोटात असतो आणि ती नळी आज सकाळी पहिल्यांदा उघडली, माझ्यासमोर. मंगळवारी दुपारी तुम्हाला कसं कळलं, की तुटला तो उजवा?”

“अंदाज केला.”

“अंदाज करणारा ‘पुढचा एक्सल’ लिहितो. ‘उजव्या बाजूचा’ लिहीत नाही. डावा की उजवा हे फक्त एका माणसाला ठाऊक असणार. ज्याने नदीत उतरून खडखड कुठून येतेय ते ऐकलं आणि त्या बाजूची फिरकी सुटी केली, त्याला.”

मुकादमने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गप्पू एक चाक गडगडवत नेत होता.

“दोषी तो निघाला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं का?” सर्व्हेअरने विचारलं.

“वाटलं,” मुकादम म्हणाला. “तेवढ्यापुरतं वाटलं.”

मग त्याने सांगितलं. नदीपलीकडे त्याचं नवं घर होत आलं होतं. पाण्याची टाकी न्यायची होती, आणि पायपुलावरून टाकी जात नाही. सोमवारी गप्पूची सुट्टी, लंबू दुपारीच घरी गेलेला. टाकी पोचली, पण परत येताना उजवं चाक पाण्यातल्या धोंड्यांत बसलं.

“ट्रॅक्टर बोलवायला हवा होता. पण मग गावभर झालं असतं, की मुकादम डेपोची गाडी घरच्या कामाला नेतो. म्हटलं, नवा एक्सल आहे, विहिरीतून निघते, नदीतून निघणार नाही? दाबत राहिलो. कडकन आवाज आला.”

“आणि बिल्ला?”

“काय सांगू साहेब?” मुकादमने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याचा होता. “वीस वर्षं गाड्या आत ठेवतोय. थांबवली, किल्ली काढली, बिल्ला लावला. हात आपोआप गेला. घरी जाऊन अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. म्हटलं, सकाळी सहाच्या आत जाऊन लंबूला सांगू, गाडी आजारी आहे, आज नको. पावणेसहाला शेडपाशी पोचलो. शेड उघडी होती.”

“फोन?”

“चढावर लागत नाही.”

“दुसरी गाडी होती.”

मुकादमचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. “होती. किल्ली माझ्या खिशात होती. पंधरा मिनिटं मी तिथे उभा होतो. मागे गेलो तर सगळं सांगावं लागणार. म्हटलं, जाईल हळूहळू, मागच्या चाकांवर जाईल, लंबू आहे, तरबेज आहे.”

तो गेलाही होता, दोन वळणं. तिसऱ्या वळणावर खडी सुरू झाली, तेव्हा लंबूने पुढची चाकं जोराला लावली आणि दोन्ही बाजूंना सारखी ओढ देणारं बटण दाबलं. नेहमीसारखंच. पण ओढायला डावं चाक एकटं होतं. डावं एकटं ओढू लागलं की गाडीचं तोंड उजवीकडे वळतं. त्या वळणावर दरी उजवीकडे होती.

हे सर्व्हेअरने सांगितलं नाही. मुकादमला ते कळत होतं. दहा दिवस त्याने दुसरं काही केलंच नव्हतं.

“कागदावर बाहेरच्या गॅरेजचं का लिहिलंत?”

“कोणाचं तरी लिहायला हवं होतं,” मुकादम म्हणाला. मग त्याने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि फोन स्वतःच उचलला. “पोलिसांना मीच सांगतो. माझा आवाज ते ओळखतात.”

६

बाईंना बोलवायला सर्व्हेअरने गप्पूला पाठवलं. काय निरोप दिला कोण जाणे. एका शब्दाचाच असणार. पण त्या आल्या.

उस्ताद भुरीच्या पलीकडे उभा होता. बहीण आलेली दिसताच तो दोन पावलं मागे सरला.

सर्व्हेअरने सगळं सांगितलं. नदी, टाकी, फिरकी, बिल्ला. लोखंडाचं त्याने काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. शेवटी कांबीचे दोन तुकडे त्याने बाईंसमोर ठेवले.

“ही पिवळी रेघ तुमच्या भावाने ओढलेली. ओढली तेव्हा सरळ होती. नदीत हिला इतका पीळ दिला, की पूर्ण वेढा बसला, तेव्हा कुठे तुटली. इतकं सहन करणारं पोलाद मी फार थोडं बघितलंय. त्याने चांगलंच घातलं होतं.”

बाई खाली बसल्या. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि रेघेबरोबर हळूहळू बोट फिरवत तुटलेल्या टोकापर्यंत नेलं. तिथे थांबल्या.

“हे नेहमीच्या वेळेला निघाले असते तर?” त्यांनी वर न बघता विचारलं.

मुकादम शेडपाशी पोचला ती पावणेसहाची वेळ सर्व्हेअरच्या वहीत लिहिलेली होती. उद्या ती पोलिसांच्या कागदावरही जाणार होती. पण तो कागद या बाई वाचणार नव्हत्या, निदान आज तरी नाही. तीस वर्षांत लोखंड जे सांगेल तेच तो बोलत आला होता.

“बिल्ला खोटा होता, बाई,” तो म्हणाला. “लोखंडाला वेळ कळत नाही.”

गप्पूने कोपऱ्यातला पाण्याचा नळ सोडला, बंद केला. उस्ताद हात बाजूला सोडून उभा होता. एवढा मोठा माणूस, हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

बाई उठल्या, पदर सारखा केला आणि फाटकाकडे चालू लागल्या. भावाच्या जवळून जाताना थांबल्या. त्याच्याकडे बघितलं नाही.

“बारक्या,” त्या म्हणाल्या, “दार घासतंय.”

“हो, ताई.”

“उद्या रंधा घेऊन ये. आणि तो डबा काय पाठवला होतास, मिठाचा पत्ता नव्हता म्हणे.”

“तू तर उघडलाच नाहीस.”

“परत नेताना गप्पूने वाटेत चाखला. तो सांगत होता.”

गप्पू नळापाशी उभा राहून आभाळाकडे बघू लागला.

सर्व्हेअरने हत्यारं पुसून पिशवीत भरली, सुई जागच्या जागी खोचली आणि स्टुलाची घडी केली. बस केव्हाच गेली होती. चालायचं तर फार अंतर होतं, आणि गुडघे आता पायऱ्यांनाही तयार नव्हते. फाटकापर्यंत जाऊन तो थांबला. मग परत वळून त्याने स्टूल उघडलं आणि उस्तादच्या शेजारी, मावळत्या उन्हात बसून राहिला.